मनगटाची भरपाई आणि पाटीचा दंड

फेअरएकर दुकानाचं सरकतं काचेचं दार आर्डिसबाई ट्वेटन यांच्या डाव्या मनगटावर मिटलं आणि त्या पायपुसण्यावर आडव्या झाल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सॉरी". हा दाराला. दुसरा "सॉरी" मागे खोळंबलेल्या बाईला आणि तिसरा धावत आलेल्या मॅनेजरला. "सॉरी हं क्रेग, तुला उगीच पळावं लागलं," असं त्या म्हणाल्या, आणि मनगट भलत्याच दिशेला वळलेलं असताना वर म्हणाल्या, "आता आलेच आहे तर लोणी तेवढं घेऊन जाते."

नॉर्डाल गावात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या या गारठलेल्या कोपऱ्यात नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची नातवंडं-पतवंडं राहतात. इथला माणूस छपरावरून पडला आणि त्याला "कसं काय?" विचारलं, तर तो "तसं काही वाईट नाही" असंच म्हणणार. भांडणं इथेही होतात, पण भांडण चालू आहे हे दोन्ही बाजूंना बहुधा कळत नाही. अशा गावातल्या अशा बाईंनी एका कंपनीवर खटला भरला, आणि तोही नुसत्या भरपाईचा नाही तर दंडाचा. हे घडलं कसं ते सांगायचं, तर आधी त्यांच्या नवऱ्याच्या मनात काय सलत होतं ते सांगायला हवं.

मर्लिन ट्वेटन मास्तरांनी छत्तीस वर्षं गावच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं आणि फावल्या वेळात गावाच्या पाट्या रंगवल्या. चर्चच्या जेवणाची पाटी त्यांची, दातांच्या डॉक्टरची त्यांची, दफनभूमीच्या फाटकावरची 'कुत्री मोकळी सोडू नयेत' हीसुद्धा त्यांचीच. पट्टी न लावता ओळ सरळ आणायचे. कोपऱ्यात एक पिवळा चिमणा पक्षी काढायचे, तीच त्यांची सही. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. शेवटच्या पाटीवर एक अक्षर असं काही वळलं, की लोकांना वाटलं ही नवी फॅशन असावी. मास्तरांनी ब्रश धुऊन तळघरात ठेवून दिले. गावानं समजून घेतलं आणि पुन्हा कधी त्यांच्याकडे पाटी मागितली नाही. हे समजून घेणंच मास्तरांना फार लागलं होतं, पण "कसं काय?" विचारलं की तेही "तसं काही वाईट नाही" असंच म्हणत.

आणि मग एके दिवशी भाजीच्या फळीपाशी क्रेगनं त्यांना गाठलं. क्रेग त्यांचाच जुना विद्यार्थी. शाळेत असताना त्यानं तीन पायांचं स्टूल केलं होतं, चौथा पाय विसरल्यामुळे.

"मास्तर, एक पाटी कराल का हो? दाराचा डोळा बिघडलाय. वर तो काळा डोळा असतो ना, माणूस मध्ये आहे का बघणारा, तो आंधळा झालाय. दार मध्येच मिटतं."

"मग दुरुस्त कर की रे."

"मी किती वेळा कळवलंय मास्तर! मुख्य कचेरी म्हणते, सध्या पाटी लावा."

रात्री जेवताना मास्तरांनी ही गोष्ट सहज म्हणून सांगितली. आर्डिसबाईंनी काटा खाली ठेवला. "दार दुरुस्त करा म्हणावं! उद्या छप्पर गळायला लागलं तर 'छत्री आणावी' अशी पाटी लावतील. तू नाही म्हणालास ना?"

"म्हणालो," मास्तर म्हणाले.

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तर बायकोशी खोटं बोलले ते हे दुसऱ्यांदा. पहिलं खोटं सासूबाईंच्या हातच्या वाटाण्याच्या सूपबद्दल होतं आणि ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. गुरुवारी आर्डिसबाई चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या सरावाला गेल्या. एकेचाळीस वर्षं त्या तिथला ऑर्गन वाजवत होत्या. इकडे मास्तर तळघरात उतरले. ब्रश उचलला. हात थरथरला, मग थांबला. का थांबला ते देवाला ठाऊक. दोन वर्षांत कुणी काही मागितलं नव्हतं, आज मागितलं होतं, एवढंच मास्तरांना कळत होतं. दीड तासात पाटी झाली: 'दार लवकर मिटतं. जरा पाऊल उचला. धन्यवाद!' ओळ सरळ आली. कोपऱ्यात पिवळा पक्षी काढताना मास्तर शीळ घालत होते. मोबदला म्हणून क्रेगनं कॉफीचा डबा देऊ केला, तो त्यांनी परत केला. घरी काय सांगणार?

पाटी लागली आणि अकराव्या दिवशी आर्डिसबाईंचं मनगट मोडलं.

आता मास्तरांनी त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं, हे तुम्हाला कळतं, मला कळतं, मास्तरांनाही कळत होतं. दवाखान्यात सांगणार होते, पण तिथे आर्डिसबाई भुलीच्या गुंगीत नर्सची माफी मागत होत्या. घरी आल्यावर सांगणार होते, पण शेजाऱ्यांनी आणलेली भाजलेल्या बटाट्याची सात भांडी ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. रोज सकाळी मास्तर थरथरत्या हातानं बायकोच्या पावाला लोणी लावायचे आणि बायको प्लास्टरमधल्या हातानं ताट धरायची. दोघांत मिळून दीड हात. "मर्लिन, कडेलाही लाव ना," आर्डिसबाई म्हणायच्या, आणि मास्तर कडेला लावता लावता म्हणायचे, "आर्डिस, एक सांगायचं होतं." "काय?" "काही नाही. थंडी वाढलीय."

मनगटात धातूची पट्टी बसवली, टाके निघाले, प्लास्टरही निघालं. करंगळी मात्र पूर्वीइतकी लांब जाईना. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये भजनं वाजवणारं एक यंत्र आणून ठेवलं. ते कुणासाठी थांबत नसे, त्यामुळे गावाची दोन कडवी व्हायच्या आत त्याची चार झालेली असत. आर्डिसबाई तिसऱ्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसायच्या. डाव्या हाताची बोटं आपोआप हलायची, करंगळी मागे राहायची. मास्तर ते बघायचे आणि प्रार्थनेचं पान उलटायचं विसरायचे. हे आपणच केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

खटल्याचं म्हणाल, तर तो कुणाच्या स्वप्नातही नव्हता. दार दुरुस्त व्हावं एवढंच आर्डिसबाईंना हवं होतं, म्हणून कंपनीला एक पत्र लिहायचं ठरलं. पत्र चार दिवस चाललं. शेजारचे व्हर्न ओस्टबी सल्ला द्यायला आले. ते निवृत्त पोस्टमन असल्यामुळे पत्र हा आपला विषय आहे असं त्यांचं मत.

"सुरुवात कडक करा," व्हर्न म्हणाले.

"मग काय लिहू?" मास्तर म्हणाले.

"लिही, 'आपण कामात असाल, तरी राग नसावा.'"

असं ते कडक पत्र गेलं. त्यात आर्डिसबाईंनी 'चूक थोडीफार माझीही असेल' हे वाक्य आपण होऊन घातलं. एका महिन्यानं उत्तर आलं. कंपनीनं दुःख व्यक्त केलं होतं, सोबत चीजवर सवलतीचं कुपन जोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं: 'दारावर ठळक व सुवाच्य अक्षरांत सूचना लावलेली होती. आपण ती वाचली नसावी असे दिसते.'

'सुवाच्य' या शब्दाशी मास्तर क्षणभर सुखावले. आयुष्यात इतकं सुखावून कुणी इतकं शरमलं नसेल.

आर्डिसबाई मात्र लाल झाल्या. ही बाई उशीच्या शिवणीत दडलेली धुण्याची सूचनासुद्धा चष्मा लावून वाचते. "वाचली नसावी?" त्या म्हणाल्या. "मी? व्हर्न, वकील कुठे मिळतो?"

"वकील कशाला आर्डिस," मास्तर घाईनं म्हणाले. "जाऊ दे ना. कुपन चांगलं आहे."

"कुपन तू खा," आर्डिसबाई म्हणाल्या. नॉर्डालमध्ये याला शिवीगाळ म्हणतात.

वकीलबाई मिळाल्या त्या नदीकाठच्या मोठ्या गावच्या, मॉरीन डूली. आयरिश घरातल्या, नऊ भावंडांत वाढलेल्या, त्यामुळे एरवीही पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असंच बोलायच्या. ट्वेटनांच्या दिवाणखान्यात तो आवाज ऐकून कपाटातल्या बश्या शहारल्या.

"त्यांना वाटतं पाटी ही त्यांची ढाल आहे," डूलीबाई म्हणाल्या. "आम्ही सावध केलं होतं म्हणतात! अहो, सावध केलं याचा अर्थ माहीत होतं! दार लोकांवर मिटतं हे माहीत असून दुरुस्त केलं नाही. रंगाचा डबा परवडला, पेचकस नाही परवडला! ट्वेटनबाई, ही पाटी माझ्या हातात सोन्याची आहे. आपण दंड मागू."

"दंड म्हणजे?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"हे बघा. तुमचा दवाखाना, औषधं, दुखणं, ऑर्गन सुटला, ते सगळं भरपाईत येतं. पडलेला खड्डा बुजवायचा, बस. दंड वेगळा. तो तुम्हाला काही मिळावं म्हणून नसतोच. समोरच्याला अद्दल घडावी, आणि त्याचं बघून इतरांनी शहाणं व्हावं, म्हणून. नुसत्या हलगर्जीपणाला दंड लागत नाही हं. जाणूनबुजून, लोकांच्या जिवाची पर्वा न करता वागले, हे अगदी ठामपणे सिद्ध व्हावं लागतं."

इंग्रजीत हाताचा दंड आणि कोर्टाचा दंड हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या मराठीत मात्र दंड हाताला असतो आणि कोर्टातही असतो. मनगट बाईंचं आणि दंड कंपनीचा, अशी ही वाटणी होती.

"मग आधी शोधायला हवं," डूलीबाई टिपणवही उघडत म्हणाल्या, "की ही पाटी रंगवली कुणी."

मास्तर कॉफी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तेवढ्यात व्हर्न छताकडे बघत म्हणाले, "कुणी का रंगवेना. पण हात चांगला आहे. म्हणजे, असेल त्याचा." आर्डिसबाईंनी डूलीबाईंना आणखी एक बिस्किट दिलं.

दावा दाखल झाला आणि कागद वाढत गेले. कंपनीनं तीनशे प्रश्न पाठवले. त्यांतल्या एकशेबाराव्यात 'अपघातानंतर आपण प्रतिवादीच्या मॅनेजरला घरचा पाय पाठवलात हे खरे काय?' असं विचारलं होतं. खरंच होतं. पोराला वाईट वाटत असेल म्हणून तिसऱ्या दिवशी मास्तर क्रेगला रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेली गोड पोळी, देऊन आले होते. कंपनीच्या मते पाय देणाऱ्याची तक्रार नसते. डूलीबाई दोन दिवस डोकं धरून बसल्या. मग क्रेगची जबानी झाली. पाटी कुणी केली या प्रश्नावर तो मानेपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "एका स्थानिक कारागिराने." जबानीची प्रत घरी आली तेव्हा मास्तरांनी तो शब्द तळघरात नेऊन दोनदा वाचला. कारागीर!

इकडे रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळमजल्यावर कॉफीच्या टेबलाशी अख्खं गाव कायद्याचा अभ्यास करायला लागलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, कोर्टात हाताला झोळी घालून जा. कुणी म्हणालं, घालू नका, नाटकी दिसतं. पण खरी खळबळ उडाली ती डूलीबाईंनी सांगितलेल्या एका गोष्टीनं. आयोवाच्या कायद्यात ज्यूरीला दंडाबरोबर आणखी एक प्रश्न विचारतात: हे वागणं खास या फिर्यादीवरच रोखलेलं होतं का? होतं म्हटलं तर दंड फिर्यादीचा. नव्हतं म्हटलं तर फिर्यादीला फार तर चौथाई, बाकी राज्याच्या एका निधीत.

"मग रोखलेलं होतं म्हण ना!" व्हर्न कप आपटून म्हणाले, म्हणजे कप जरा जोरात ठेवून. "लहानपणी क्रेगला तूच गाण्यातून काढलं होतंस, आर्डिस. बेसूर गातो म्हणून. तेव्हापासून त्याच्या मनात असेल!"

"व्हर्न, तो सात वर्षांचा होता."

"डूख लहानपणीच धरतात."

"क्रेगनं माझ्यावर नेम धरून दार मिटवलं असं मी शपथेवर सांगू?" आर्डिसबाई म्हणाल्या. "क्रेगनं? त्याला साधं स्टूल चार पायांवर उभं करता येत नाही."

सगळे हसले. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "पाटी तेवढी सुरेख होती हं," आणि सगळ्यांनी एकाच वेळी कपात बघितलं. मास्तरांना वाटलं, बिचाऱ्यांना बाईंच्या मनगटाचं वाईट वाटतंय.

खटला पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला. ज्यूरीत आठ जण: मका कापणी सोडून आलेले दोन शेतकरी, एक न्हावी, एक नर्स, असे सगळे. पाटी पुराव्यात दाखल झाली होती, सातव्या क्रमांकाचा पुरावा. टेबलावर ती उभी करून ठेवली होती आणि पिवळा पक्षी थेट मास्तरांकडे बघत होता.

डूलीबाईंनी क्रेगला साक्षीला उभं केलं. क्रेगनं मुख्य कचेरीला अकरा वेळा लिहिलं होतं, आणि अकरा वेळा एकच उत्तर आलं होतं: 'पाटी लावा.' हे सगळं छान झालं. मग कंपनीचे वकील उठले. ते राजधानीतून आलेले, त्यांच्या बुटांत कोर्टाचे दिवे दिसत होते.

"ही पाटी कंपनीनं करवून घेतली की गावातल्याच कुणी हौसेनं आणून दिली? कोण हा कारागीर?"

क्रेगनं पाटीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं नाही. "आठवत नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"तुम्ही शपथेवर आहात."

"आठवत... म्हणजे मला वाटतं..."

मास्तरांना तीन पायांचं स्टूल आठवलं. त्या दिवशीही हे पोर असंच उभं होतं, आणि चौथा पाय घरी आहे असं खोटं सांगत होतं. आज ते दुसऱ्यासाठी खोटं बोलायला निघालं होतं आणि तेही शपथेवर. मास्तर उठले. बोलायचं म्हणून त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. हात थरथरत होता.

"मी," ते म्हणाले. "पाटी मी रंगवली. सॉरी."

न्यायाधीश म्हणाले, खाली बसा. कंपनीचे वकील म्हणाले, नोंद घ्यावी. डूलीबाई नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, ते नोंदवायचं नाही असं ठरलं. मास्तरांनी फक्त आर्डिसबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

मग मास्तरांनाच साक्षीला घेतलं. त्यांनी सगळं सांगितलं. बायको नको म्हणाली होती. आपण तिच्याशी खोटं बोललो. पाटी न करता क्रेगला 'नाही' म्हटलं असतं तर कदाचित दार दुरुस्त झालं असतं. "तिची करंगळी पोचत नाही ती माझ्यामुळे," असं ते म्हणाले.  न्हाव्यानं नाक पुसलं.

कंपनीच्या वकिलांना वाटलं, आता खेळ आपला. त्यांनी आर्डिसबाईंना पुन्हा उभं केलं.

"ट्वेटनबाई, अपघाताच्या दिवशी तुम्हाला ही पाटी दिसली होती?"

"हो."

"वाचली?"

"वाचली ना. दोनदा."

डूलीबाईंनी डोळे मिटले.

"म्हणजे 'दार लवकर मिटतं' हे दोनदा वाचून तुम्ही दारातच उभ्या राहिलात! का, ते सांगाल?"

आर्डिसबाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "लांबूनच ओळखली मी. सत्तेचाळीस वर्षं बघतेय ते अक्षर. पहिल्यांदा राग आला, नाही म्हणालो म्हणून मला सांगितलं आणि गुपचूप केली. दोन शब्द ऐकवायचे असं ठरवतच दारात शिरले. आणि मग ओळ बघितली." त्यांनी पाटीकडे बोट केलं. "ओळ सरळ आली होती हो. दोन वर्षं त्याला चमचा धरवत नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून वाचली, कुठे हललीय का बघायला. कुठेच हलली नव्हती. पक्ष्याची चोचसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की दार आहे हेच विसरले मी."

"आणि हे तुम्ही वर्षभर कुणाला सांगितलं नाहीत?"

"तो सांगेल म्हणून वाट बघत होते," आर्डिसबाई म्हणाल्या. "शिवाय पाटी वाचताना मला लागलं हे त्याला कळलं असतं, तर त्यानं पुन्हा ब्रश धरला नसता."

मास्तरांनी मान खाली घातली होती. व्हर्ननी मागच्या बाकावरून पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते कुजबुजत म्हणाले, "अरे, गावात सगळ्यांनाच माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आम्ही दोन-दोनदा दुकानात जायचो, नुसती पाटी बघायला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलला नाहीस, मग आम्ही कसं बोलणार?"

शेवटचा प्रश्न डूलीबाईंनी विचारला. एरवी छत हलवणारा त्यांचा आवाज या वेळी पुढच्या बाकापर्यंतच पोचला. "ट्वेटनबाई, हे दार खास तुमच्यावर रोखलेलं होतं असं तुम्हाला वाटतं?"

"नाही बाई. दार सगळ्यांवरच मिटत होतं. थांबले तेवढी मी."

ज्यूरी चार तासांनी बाहेर आली. दुखापतीची भरपाई दिली. त्यात दारात उभं राहिल्याबद्दल दहा टक्के चूक आर्डिसबाईंची धरली. अकरा पत्रं येऊनही पाटीवर भागवल्याबद्दल कंपनीला चांगला सणसणीत दंड केला. खास फिर्यादीवर रोखलेलं होतं का? नाही. म्हणजे दंडाचा मोठा हिस्सा राज्याच्या निधीत गेला. व्हर्न आठवडाभर हळहळत होते. आर्डिसबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण खटला सुरू व्हायच्या आधीच कंपनीच्या सगळ्या दुकानांत दारांचे डोळे बदलून झाले होते. दहा टक्क्यांबद्दल मास्तरांनी हळहळ व्यक्त केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते माझे दहा टक्के आहेत, त्यांना हात लावायचा नाही. ते पाटीचे."

करंगळी पूर्ण बरी झाली नाही. संथ भजनं आर्डिसबाई वाजवतात, भरभरची यंत्र वाजवतं, आणि यंत्राच्या वेळी गाव सवयीनं दोन कडवी मागे असतं.

पाटी परत मिळवायला खटल्यापेक्षा जास्त त्रास झाला. पुरावा परत हवा असेल तर अर्ज करा. अर्ज वकिलामार्फत करा. पाटी मूळची कंपनीच्या मालकीची, सबब कंपनीची हरकत नसल्याचं पत्र आणा. कंपनीनं पत्र दिलं, आणि सवयीनं सोबत चीजचं कुपन. शेवटी कोर्टातल्या कारकूनबाईंनी तपकिरी कागदात गुंडाळलेला सातव्या क्रमांकाचा पुरावा मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आमच्या दफ्तरखान्यासाठी एक कराल का? 'शांतता राखा' अशी?" मास्तरांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. मग बायकोकडे पाहून म्हणाले, "करू ना?"

"विचारलंस हे बरं झालं," आर्डिसबाई म्हणाल्या.

आता ती पाटी ट्वेटनांच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावली आहे. त्या दाराची बिजागरी तीस वर्षांपूर्वी गेली असल्यामुळे ते मुळीच मिटत नाही. 'शांतता राखा'ची पहिली ओळ जरा हलली होती, दुसरी बरी आली. सकाळी मास्तर पावाला कडेपर्यंत लोणी लावतात, दोन कपांत कॉफी ओततात, थोडी बशीत सांडते, आणि हाक मारतात, "आर्डिस, ये ना आत. गार होतेय."

आणि दारातून उत्तर येतं, "थांब जरा. वाचतेय मी."